वेशीवर टांगलेली गोष्ट : पंडिता रमाबाईंची १८९७ ची साक्ष आणि आपले मौन

लांजी येथे धर्मशिक्षकांच्या एका प्रशिक्षण-वर्गात बालकांच्या लैंगिक शोषणाचा विषय मी मांडला, तेव्हा वर्गात बराच वेळ शांतता होती. मग मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध धर्मशिक्षक उठले आणि म्हणाले, "फादर, घरची गोष्ट वेशीवर टांगून कोणाचे भले झाले आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची." बहुतेकांनी माना डोलावल्या. मला त्यांचा राग आला नाही. ते गृहस्थ प्रामाणिक होते, आणि धर्मगुरूपदाच्या पहिल्या काही वर्षांत मीही हेच तत्त्व निराळ्या, अधिक भक्तिपूर्ण शब्दांत सांगत होतो. त्या दिवशी मी त्यांना जे उत्तर दिले ते अपुरे होते. प्रस्तुत लेख हे त्याचे उशिरा लिहिलेले उत्तर समजावे. ते इतिहासातून देण्याचा प्रयत्न आहे, कारण ज्या मुलुखात आपण बसलो होतो त्या मुलुखातच हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी ख्रिस्ती स्त्रीने वेशीवर टांगला होता.

लांजी आज मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यानंतर हा सारा धानाचा प्रदेश इंग्रजांच्या 'मध्य प्रांतां'त गेला. १८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतांना विशेष भोवला, आणि बालाघाट जिल्हाही त्यात होरपळून निघाला. याच प्रांतांत त्या वेळी पंडिता रमाबाई आल्या. परंतु त्या का आल्या आणि येथे त्यांनी काय पाहिले हे सांगण्यापूर्वी काही वर्षे मागे जाणे आवश्यक आहे.

१८८९ साली कलकत्त्यात फुलमणी नावाची, दहा वर्षे उलटलेली एक विवाहित मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावली. १८६० च्या दंडसंहितेने पत्नीसाठी संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. फुलमणीने ते ओलांडले होते, म्हणून बलात्काराचा आरोप तिच्या पतीवर ठेवताच आला नाही. त्याला निष्काळजीपणाने गंभीर इजा केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. या प्रकरणातून संमतिवयाचे विधेयक पुढे आले आणि १९ मार्च १८९१ रोजी मंजूर होऊन ती मर्यादा दहाची बारा झाली. पुण्या-मुंबईत यावरून जो वाद माजला तो सर्वांस ठाऊक आहे. परकी सरकारने आमच्या घरात कायदा घालू नये हा टिळकांचा पक्ष, शास्त्रवचनांचा धांडोळा घेऊन विधेयकाची बाजू मांडणारे डॉ. रा. गो. भांडारकर, 'सुधारका'तून तुटून पडणारे आगरकर, ही सारी चित्रे शालेय पुस्तकांतूनही आली आहेत. हिंदुस्थानात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी, त्यांत मेथडिस्ट मिशनच्या डॉक्टर मोनेल मॅन्सेल अग्रभागी होत्या, व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि आपल्या दवाखान्यांत आलेल्या बालवधूंची प्रकरणे एकामागून एक नोंदवून दिली. या अर्जाची आठवण पुस्तकांत क्वचितच आढळते. मला मात्र त्या साऱ्या गदारोळात हाच कागद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाकीचे सर्वजण धर्म, राष्ट्र आणि शास्त्र यांविषयी बोलत होते. या स्त्रिया आपण जे पाहिले तेवढेच सांगत होत्या.

कायदा झाला, आणि जवळजवळ निजला. त्याच कायद्याने फौजदारी प्रक्रियेत अशी तरतूद केली की, पतीविरुद्धच्या अशा आरोपाची दखल जिल्हा मॅजिस्ट्रेटाने अथवा मुंबई-कलकत्त्यासारख्या शहरी मुख्य मॅजिस्ट्रेटाने घ्यावी, अन्य कोणी घेऊ नये, आणि तपास इन्स्पेक्टरपेक्षा खालच्या अंमलदाराकडे देऊ नये. खेड्यातील मुलीच्या आईने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आपल्या जावयाविरुद्ध साहेबासमोर उभे राहावे, अशी ही अपेक्षा होती. १९२८ साली सरकारने या कायद्याच्या चौकशीसाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते अमरावतीचे नामांकित वकील सर मोरोपंत जोशी. म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडच्याच मराठी माणसाकडे हे काम आले. १९२९ च्या अहवालात समितीने नमूद केले की, देशाच्या फार मोठ्या भागात हा कायदा लोकांना माहीतच नाही, आणि विवाहांतर्गत गुन्हे न्यायालयापर्यंत क्वचितच पोहोचतात, कारण ज्यांना ते ठाऊक असतात ते सर्व घरचेच असतात. कायद्याने वय ठरविले होते. बोलावयाचे कोणी, हे ठरविले नव्हते.

हा झाला घरातील मुलीचा प्रश्न. ज्या मुलीला घरच उरले नाही तिचे काय, हा प्रश्न १८९७ साली रमाबाईंनी उभा केला.

रमाबाईंना दुष्काळ पुस्तकांतून समजून घ्यावा लागला नव्हता. १८७४ साली, त्या सोळा वर्षांच्या असताना, त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई उपासमारीने खंगून काही महिन्यांच्या अंतराने वारली होती, आणि पुढे बहीणही. म्हणून मध्य प्रांतांतील बातम्या पुण्यास येऊ लागल्या तेव्हा शारदा सदनाची जबाबदारी डोक्यावर असतानाही त्या स्वतः निघाल्या. या प्रवासाची हकिगत त्यांनी इंग्रजीत लिहिली आहे. ती वाचताना अंगावर काटा येतो तो भुकेच्या वर्णनाने जितका, तितकाच दुसऱ्या एका गोष्टीने. सरकारने उपाशी लोकांसाठी गरीबखाने आणि दुष्काळी कामांच्या छावण्या उघडल्या होत्या. या ठिकाणी पोरक्या मुली सुरक्षित नाहीत, असे रमाबाईंनी स्पष्टपणे लिहिले. खाऊचे आणि अन्नाचे आमिष दाखवून मुलींना उचलून नेणारे स्त्री-पुरुष या छावण्यांभोवती घिरट्या घालीत असतात. ज्यांच्या हाती धान्य वाटण्याचे काम आहे त्यांच्यापैकीही काहींचा भरवसा धरता येत नाही. ओंजळभर धान्यासाठी मुलीला काय द्यावे लागते ते सर्वांना दिसते आणि कोणी बोलत नाही, असा त्यांच्या लिखाणाचा आशय आहे.

या लिखाणाचे धाडस आज लक्षात येणार नाही. गरीबखाना ही दयेची संस्था होती. सरकार त्या संस्थांचा हिशेब जगापुढे मांडत होते, विलायतेतून वर्गणी येत होती, मिशनऱ्यांचे अनेक कार्यकर्ते त्याच यंत्रणेबरोबर काम करीत होते. अशा वेळी 'दया करणाऱ्या हातांपैकी काही हात मलिन आहेत' असे म्हणणे म्हणजे साऱ्या दानधर्मावर डाग लावणे, असा आक्षेप सहज घेता आला असता. शिवाय रमाबाईंना समाजात उभे राहण्यास जागा फारशी उरलीच नव्हती. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात यावरून १८९३ साली वादळ उठले होते आणि रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. हिंदू समाजाच्या दृष्टीने त्या परक्या झाल्या होत्या, आणि ख्रिस्ती मंडळींपैकी अनेकांना त्यांचा स्वतंत्र बाणा रुचत नव्हता. ज्याला गमावण्यासारखे काही उरलेले नाही तोच बोलू शकतो, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्यांच्यापाशी शेकडो मुली होत्या, आणि त्यांच्या जेवणाचा खर्च लोकांच्या सदिच्छेवरच चालत होता.

या प्रवासांतून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावच्या शेतावर त्यांची सोय केली. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. तेथील कारभार स्त्रियांच्याच हाती राहिला. ज्या मुलींवर अत्याचार होऊन चुकला होता, ज्यांना अन्य आश्रम 'इतर मुली बिघडतील' या सबबीवर दारात उभे करीत नसत, त्यांच्यासाठी तेथे कृपा सदन निघाले. हा तपशील मी मुद्दाम नोंदवीत आहे. बोलणाऱ्याने बोलून मोकळे व्हावयाचे नसते; जिच्यासाठी बोललो तिला रात्री झोपावयास जागा लागते.

त्याच वर्षी पुण्यात प्लेग आला. मार्च १८९७ पासून रँडच्या देखरेखीखाली घरांची झडती, रुग्णालये, विलगीकरणाच्या छावण्या सुरू झाल्या. रमाबाईंच्या संस्थेतील एका तरुण मुलीस प्लेगच्या रुग्णालयात पाठविण्यात आले. ती परत आली नाही. मे महिन्यात 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रात रमाबाईंनी जाहीर पत्र लिहिले. तेथील व्यवस्थेची दुर्दशा सांगून, ती मुलगी तिथल्याच एका रखवालदाराच्या हाती पडली असे त्यांनी त्यात म्हटले. ज्या मुलींना त्यांनी दुष्काळी छावण्यांतून वाचविले होते त्यांच्याच सोबतिणींपैकी ही एक, आणि ती गेली तीही एका सरकारी संस्थेच्या फाटकाआड.

पत्र इंग्लंडपर्यंत पोहोचले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे कथन अत्यंत चुकीचे व दिशाभूल करणारे असल्याचे सांगितले. एवढ्यावर विषय मिटला. त्या मुलीचे पुढे काय झाले, हा प्रश्न सरकारी उत्तरात महत्त्वाचा नव्हताच. संस्थेची अब्रू हा प्रश्न होता.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून मित्रांची पत्रे त्यांना येत होती. त्यांच्या आधाराने, प्लेगच्या कामावरील सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांपैकी एकीने जीव दिला, असे त्यांनी तेथील वृत्तपत्रास सांगितले. सरकारने पुरावा मागितला. गोखले मायदेशी परतले तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी जाहीरपणे उभे राहिले नाही. त्यांची नावे सांगणे गोखल्यांना प्रशस्त वाटले नाही, आणि अखेरीस त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीमुळे त्यांची पुढील अनेक वर्षे टवाळी झाली. इतिहासकार या प्रसंगाची चर्चा गोखल्यांच्या सचोटीच्या संदर्भात करतात. माझे लक्ष मात्र त्या अनामिक पत्रलेखकांकडे जाते. ती माणसे सभ्य, सुशिक्षित, कळवळ्याची असली पाहिजेत, एरव्ही त्यांनी पत्रे लिहिलीच नसती. खासगीत ती बोलली. जाहीरपणे बोलण्याची वेळ आली तेव्हा पुराव्याचा भार आपल्यावर येईल या भीतीने ती घरात राहिली. त्यांनी सांगितलेले खरे होते की खोटे हे आज ठरविता येत नाही, आणि हेच त्या मौनाचे सर्वांत वाईट फळ होय. तपास झालाच नाही.

१८९७ चा धडा येथे आहे असे मला वाटते. ज्याने पाहिले वा ऐकले त्याच्यावरच सिद्ध करण्याची जबाबदारी टाकली, की तो गप्प बसतो अथवा माफी मागतो. सांगणारा आणि शोधणारा ही दोन माणसे निराळी असावी लागतात. पवित्र शास्त्रात हा भेद अस्पष्ट नाही. लेवीय पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी, जो साक्षीदार असून साक्षीसाठी बोलावले असता गप्प राहतो तो दोषी ठरतो. निवाडा करण्याचे काम त्याच्याकडे दिलेले नाही. आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील तामार आपणा सर्वांस आठवत असेलच. तिच्यावर अत्याचार झाल्यावर सख्ख्या भावाने तिला पहिली गोष्ट सांगितली ती गप्प राहण्याची. राजा दावीद संतापला खरा, पण त्याने केले काहीच नाही. ती आयुष्यभर भावाच्या घरी उजाड होऊन राहिली. या अध्यायावर आपण प्रवचन क्वचितच करतो.

आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहासही येथे सरळ नाही. 'दिदाखे' या आरंभीच्या ग्रंथात मुलांना भ्रष्ट करण्यास स्पष्ट मनाई आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमध्ये भरलेल्या एल्विरा धर्मसभेने मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना मृत्युशय्येवरही ख्रिस्तशरीर देऊ नये असा कठोर नियम केला. म्हणजे हे पाप आहे हे आपणांस ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. पुढे शतकानुशतके आपण पापाची चर्चा केली आणि पीडिताची केली नाही. दोषी धर्मगुरूची बदली हा उपाय मानला. ७ मे २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी स्वतःच्या अधिकारात काढलेल्या नियमपत्राने धर्मगुरू व व्रतस्थांवर असे प्रकरण अधिकाऱ्यांना तत्काळ कळविण्याची सक्ती केली, कळविणाऱ्यावर मौन लादण्यास मनाई केली, आणि नागरी कायद्याने घातलेली कर्तव्ये यामुळे बाधित होत नाहीत असेही सांगितले. मार्च २०२३ मध्ये ते नियम सुधारून कायम करण्यात आले.

दयेच्या संस्थेभोवती समाज किती घट्ट मूठ आवळतो याचे उदाहरण रमाबाईंच्या काळात शोधावे लागत नाही. गोव्यात मडगाव परिसरात 'गुरुकुल' नावाचे अनाथालय चालविणाऱ्या फ्रेडी पीट्स या वृद्धास १९९१ साली अटक झाली, आणि मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाबद्दल त्यास जन्मठेप दिली. अटक आणि निकाल यांमध्ये पाच वर्षे गेली. या काळात मुंबईच्या पत्रकार-कार्यकर्त्या शीला बारसे यांनी उच्च न्यायालयाचे दार ठोठावले नसते तर ते प्रकरण कोठे विरले असते कोण जाणे. २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, त्यामागे या प्रकरणाची आठवण होती.

देशभरासाठीचा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, अमलात आला. त्याचे नाव 'पॉक्सो' म्हणून रूढ झाले आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्याच्या संरक्षणाखाली येते. परंतु १८९१ च्या कायद्याशी तुलना करता त्याचे खरे वैशिष्ट्य मला कलम १९ मध्ये दिसते. गुन्हा घडला आहे हे ज्याला ठाऊक आहे, किंवा घडण्याची शक्यता ज्याला जाणवते, त्या प्रत्येकाने पोलिसांना कळविले पाहिजे. पुरावा गोळा करण्यास सांगितलेले नाही. सद्‌भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. न कळविणाऱ्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तो संस्थेचा प्रमुख असून आपल्या हाताखालच्या माणसाविषयी गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत. मुलांना या शिक्षेतून वगळले आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या जागी, गणवेशात नसलेल्या पोलिसाने, शक्यतो स्त्री-अंमलदाराने घ्यावयाचा असतो, आणि त्याची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. म्हणजे आमच्या वयोवृद्ध धर्मशिक्षकांना जी वेस दिसत होती ती येथे नाही. कळविणे आणि वेशीवर टांगणे यांत कायद्यानेच भिंत घातली आहे.

ही भिंत कसोटीला लागली ती लांजीहून फार दूर नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे. तेथील एका शाळेच्या वसतिगृहातील सतरा अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. मुलींच्या औषधोपचारासाठी नेमलेल्या डॉक्टराने माहिती असून कळविले नाही असा आरोप होता. नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील प्रकरण रद्द केले. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्या डॉक्टराच्या दोषाचा निवाडा तेथे झाला नाही. परंतु माहिती असूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा असून बहुधा त्यात गुन्हेगारास पाठीशी घालण्याचाच यत्न असतो, हे न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले. १८९० साली डॉक्टरांनी आपण होऊन अर्ज केला होता. २०२२ साली डॉक्टराला कायद्याने सांगावे लागले.

पापनिवेदनाच्या गुपिताचा प्रश्न येथे धर्मगुरू वाचक विचारतील. ते गुपित अभंग आहे, आणि पॉक्सो कायद्यात त्यासाठी स्पष्ट सूट लिहिलेली नाही. हा पेच मी सोडवू शकत नाही. मात्र एक गोष्ट अनुभवाने सांगतो. आपल्या कानी येणाऱ्या अशा बहुतेक गोष्टी पापनिवेदनाच्या कक्षात येतच नाहीत. त्या ओसरीवर, चहाच्या वेळी, मुलाची आई एकटी थांबली असता येतात, आणि आपण त्यांनाही तेच पवित्र नाव देऊन कुलूप लावतो.

मी लावले आहे. माझ्या पहिल्या धर्मग्रामात एक आई अशीच थांबली होती. तिच्या मुलीविषयी ती बोलत होती, आणि ज्याच्याविषयी बोलत होती तो गृहस्थ चर्चच्या कामात पुढे असे. मी म्हणालो, "प्रार्थना करा, मी त्यांच्याशी बोलतो." बोललो. त्याने सर्व नाकारले आणि मला हायसे वाटले. पुढे तीन वर्षे तो दर रविवारी वेदीसमोरच्या दुसऱ्या बाकावर बसत होता. ती मुलगी येईनाशी झाली. सँडहर्स्टच्या उत्तराविषयी मी वर जे लिहिले आहे ते लिहिताना ती दोन बाके माझ्या डोळ्यांसमोर होती.

लांजीच्या वर्गात दुपारच्या सत्रात आम्ही तपशिलाकडे वळलो. १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक, ज्याचा आरंभ १९९६ साली मुंबईत झाला आणि जो आज सरकारी यंत्रणेतर्फे चालविला जातो, फळ्यावर लिहिला. मग एका धर्मशिक्षिकेने विचारले की, सांगणारी मुलगी नंतर मागे फिरली, खोटे बोलले म्हणाली, तर कळविणाऱ्याचे काय. बालकाने चुकीची माहिती दिली तरी त्याला शिक्षा नाही, आणि सद्‌भावनेने कळविणाऱ्यालाही नाही, असे मी सांगितले. त्यांनी ते दोनदा विचारून घेतले. वयोवृद्ध धर्मशिक्षक सत्र संपेपर्यंत काही बोलले नाहीत. निघताना त्यांनी फळ्यावरचा क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतला, आणि शेजारच्याला विचारले की, हा फोन करताना आपले नाव सांगावे लागते काय.